बाकी चार

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. दर निवडणुकीप्रमाणे आमच्या चाचांना परवान्याचं हत्यार जमा करण्याची नोटीस आली. चाचांचं वय ७७, गुडघे धरलेले. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षाने त्यांना कोरेगावच्या पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. अंमलदारांनी खोळीतून रायफल काढली, नंबर ताडून पाहिला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘रायफल एक, काडतुसे चार.’

“चाचा, चारच? नवीन का घेत नाही?”

“मिळत न्हाईत, साहेब. ह्या मापाचं काडतूस आमच्या अब्बांना शेवटचं मिळालं ते १९६१ साली.”

“मग ही रायफल कसली, काठीच म्हणायची,” अंमलदार हसून म्हणाले. चाचाही हसले. बोलणं चेष्टेतलं होतं, पण घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. हत्यार शाबूत आहे, परवाना शाबूत आहे, दर खेपेला त्याचं नूतनीकरण होतं. फक्त गोळी नाही. असं कसं झालं? त्या संध्याकाळी चाचांनी पत्र्याच्या पेटीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. “तू उर्दू पढाता ना? ये पढ,” म्हणाले. हा लेख त्या वहीतून निघाला आहे.

दादांची वही

माझे आजोबा, घरात सगळे त्यांना दादा म्हणत, एका जहागिरदाराच्या शिकारखान्यात नोकरीला होते. माग काढणं, हाकारे जमवणं, बंदुका साफ ठेवणं ही त्यांची कामं. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. आमच्या आसपासची औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही सगळी त्यात आली. त्यांच्या आधाराने चालणारे लहानमोठे शिकारखानेही मोडले. घोडे विकले गेले, माणसं घरी बसली. दादांना थकलेल्या पगाराच्या बदल्यात एक रायफल मिळाली. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीची, ‘.३१८’ बोअरची. १९४९ मध्ये त्यांनी आपल्या नावावर परवाना काढला. रायफलीसोबत काडतुसांची पाच पाकिटं होती, प्रत्येकात दहा.

वहीत चार रकाने आहेत. तारीख, गाव, काय झालं आणि शेवटचा रकाना ‘बाक़ी’. हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, अर्थही एकच. पहिल्या ओळीत बाकी पन्नास. १९५६ मध्ये मुंबईच्या दुकानातून वीस आणली, त्याची नोंद आहे. १९६१ मध्ये दहा. एकूण ऐंशी. त्यानंतर हा आकडा कधी वाढला नाही, फक्त उतरत गेला. शेवटची नोंद ऑगस्ट १९७१ची आहे, बाकी चार.

म्हणजे बावीस वर्षांत शहात्तर काडतुसं. मी शाळेत गुणपत्रकं करतो तशी त्यांची बेरीज केली. रानडुक्कर ४४. हरण आणि काळवीट मिळून ७. बिबट्या १. नेम चुकला ९. नुसता आवाज करून जनावर हाकलायला हवेत ६. आणि ‘फुसका’, म्हणजे चाप ओढला पण काडतूस उडालंच नाही, ९. फुसके बहुतेक सगळे पहिल्या पन्नासांतले आहेत. ती काडतुसं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती.

गावची दारू आणि कारखान्याचं काडतूस

आता थोडं मागे जाऊ. कारण दादांच्या वहीतला शेवटचा रकाना का उतरत गेला, याचं उत्तर वहीत नाही.

‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला. मुळात बुंदुक म्हणजे एक कठीण कवचाचं फळ, मग तसल्या आकाराची गोळी आणि शेवटी गोळी मारणारं हत्यार. ‘शिकार’ फारसी आहे. ‘काडतूस’ मात्र पोर्तुगिजांकडून आलं. शब्दांचा हा क्रम मला बोलका वाटतो. बंदूक आपल्याकडे आधी रुजली, काडतूस नंतर आणि परकं म्हणून आलं.

ठासणीच्या बंदुकीचा सगळा संसार गावात उभा राहत असे. शोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू इथंच कुटली जाई. आपल्यात शोरगर हे आडनाव आहे, ते शोरा काढणाऱ्या आणि दारूकाम करणाऱ्या घराण्यांचं. शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतता येत. हत्याराची डागडुजी आपले शिकलगार करत. ‘सैकल’ म्हणजे अरबीत धार लावणारा, घासून चमक आणणारा; त्याला फारसी ‘गर’ लागून सिकलगार झाला. साताऱ्या-सांगलीच्या बाजारांत आज कात्र्या-विळ्यांना धार लावत बसलेल्या माणसाचे पूर्वज कोणाकोणाच्या तलवारी परजत होते, हे धार लावून घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचं काडतूस आलं आणि हा संसार मोडला. पितळी नळकांडं, त्याच्या बुडाला ठिणगीची टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी, असं सगळं एकत्र बांधून कारखान्यातूनच येऊ लागलं. भरणं झटपट झालं, नेम लांबचा झाला. पण बंदूकवाला कारखान्याचा बांधील झाला. दादांच्या रायफलीचा लाकडी दस्ता एकदा चिरला, तेव्हा तो गावातल्या शिकलगाराने सुताराच्या मदतीने बसवून दिला. आजही तो तसाच आहे. तोच शिकलगार काडतूस बनवू शकत नव्हता. हत्यार गावात दुरुस्त होत होतं, गोळी गावात होत नव्हती. आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हाही होता, आजही आहे.

परवान्याचा पहारा, मापाचा पहारा

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना सूट राहिली. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरही कायदा आला होता. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात, १८८२ मध्ये मागे घेतला गेला. हत्यारांचा कायदा मात्र १९५९चा नवा कायदा येईपर्यंत टिकला. लेखणीपेक्षा बंदुकीची भीती जास्त काळ राहिली, असं म्हणता येईल.

परवाना हा पहिला पहारा. दुसरा पहारा बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा. तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ब्रिटिश फौजेने १८८८ पासून ‘.३०३’ हे माप स्वीकारलं. साहजिकच फौजेचं काडतूस ज्यात बसेल अशी रायफल लोकांच्या हातात नको, असं सरकारचं धोरण ठरलं. स्वतंत्र भारताच्या नियमांतही ‘.३०३’ आणि नंतरचं ‘७.६२ मिलिमीटर’ ही मापं सामान्य नागरिकाला निषिद्धच राहिली.

याहून गमतीची गोष्ट ‘.४५०’ मापाची आहे. हे वाघ, गवा, हत्ती अशा मोठ्या जनावरांसाठीच्या भारी रायफलींचं आवडतं माप. पण वायव्य सरहद्दीवर फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली टोळीवाल्यांच्या हाती गेल्या होत्या, आणि त्यांच्या गोळीचं मापही तेच. शिकाऱ्यांसाठी आलेल्या काडतुसातली गोळी काढून तिथं वापरली जाईल या भीतीने १९०७च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात ‘.४५०’ मापावर बंदी आणली. इंग्लंडमधल्या बंदूक कंपन्यांनी हिंदुस्थानचं गिऱ्हाईक सोडलं नाही. त्यांनी थोडी वेगळी मापं काढली. होलंड अँड होलंडची ‘.५००/४६५’, जोसेफ लँगची ‘.४७०’, शिवाय ‘.४७५’. शिकारीच्या पुस्तकांतून ज्या दुर्मिळ मापांची इतकी कौतुकं वाचायला मिळतात, त्यांतली बरीचशी जनावराकडे बघून नाही तर रयतेच्या भीतीतून जन्मली आहेत.

दादांच्या रायफलीचं ‘.३१८’ हे माप १९१० सालचं. त्यात फौजेची गोळी बसत नव्हती, आणि त्याची गोळी फौजेच्या रायफलीत बसत नव्हती. हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत ते पुष्कळ खपलं.

हे पहारे आमच्या जिल्ह्याने जवळून पाहिलेत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शेजारच्या खटाव तालुक्यात वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. मोर्चेकऱ्यांच्या हातात तिरंगा होता. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, कुंडलला तुफान सेनेचं शिक्षण सुरू झालं. त्या दिवसांत दादांच्या जहागिरदारांनी एक नवा रिवाज पाडला, तो दादा पुढे मुलांना सांगायचे. बंदुका दिवाणखान्यात भिंतीवर तशाच राहिल्या, पण काडतुसं तिजोरीत गेली आणि तिजोरीची किल्ली धन्याच्या कमरेला. कोणी बंदूक पळवली तरी तिचा उपयोग होऊ नये म्हणून. इंग्रज सरकार अख्ख्या देशात जे करत होतं, तेच आमच्या धन्याने वाड्यात केलं.

खडकी इतकं जवळ असून

आता वहीतल्या १९६१ सालाकडे येऊ. ‘.३१८’ची काडतुसं बर्मिंगहॅमजवळ विटनला, कायनॉक या नावाखाली बनत. कायनॉक पुढे आयसीआय या बड्या कंपनीत सामील झाली. हिंदुस्थानातून साहेब गेले, आफ्रिकेतून जाऊ लागले, तसं या मापांचं गिऱ्हाईकच आटलं. १९७०च्या सुमारास तिथं शिकारी रायफलींच्या जुन्या काडतुसांचं उत्पादन थांबलं. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९५७-५८च्या परकीय चलनाच्या टंचाईपासून आयातीवर कडक बंधनं आली होती. १९८०च्या दशकात तर खासगी माणसाला परदेशी हत्यारं आणि दारूगोळा मिळणं जवळपास बंदच झालं. विलायतेत पुढे काही जुनी मापं थोड्या प्रमाणात पुन्हा बनू लागली, अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरून घेतात. कोरेगावात बसलेल्या परवानाधारकाला त्याचा काय उपयोग?

देशातले सरकारी कारखाने होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. कोरेगाव स्टेशनात गाडीत बसलं की पुणे, पुढे शिवाजीनगर, मग खडकी. पण तिथं नागरिकांसाठी जी काडतुसं होतात ती ठरावीक मापांची. रायफलवाल्यांसाठी मुख्यतः ‘.३१५’, बंदूकवाल्यांसाठी बारा बोअर. हे ‘.३१५’ मूळ ऑस्ट्रियाच्या फौजेचं माप. ब्रिटिश फौजेच्या हत्यारात ते बसत नाही, म्हणूनच ते हिंदुस्थानातल्या परवानेवाल्यांसाठी सोयीचं ठरलं. ईशापूरच्या कारखान्याने पुढे त्याच मापाची रायफल काढली आणि देशभर तीच रुळली.

वहीत मागच्या पानांत तीन पत्रांच्या नकला आहेत. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना दादांनी मोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या. उत्तरं नाहीत, पण प्रत्येक नकलेखाली दादांनी उर्दूत एकच शब्द लिहिलाय, ‘नहीं’. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं की ‘.३१५’ घेऊन जा, तीन पॉइंटांचा तर फरक आहे, चालून जाईल. दादांनी आपलं एक काडतूस खिशातून काढून त्याच्या शेजारी उभं केलं. ‘.३१५’चं नळकांडं पन्नास मिलिमीटरचं, बुडाला बाहेर आलेली कड. ‘.३१८’चं साठ मिलिमीटरच्या वर, आणि बुडाला तशी कड नाही. त्यात ‘.३१८’ हे नावही फसवं. ते नळीचं माप आहे, खाचा पाडण्याआधीचं; प्रत्यक्ष गोळीची जाडी ‘.३३०’ इंच. नावं सख्ख्या भावांसारखी, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही. चालवायला गेलं तर हत्यार आणि माणूस दोन्ही धोक्यात. दादा रिकाम्या हाताने परतले. त्या दिवसाची नोंद वहीत आहे : तारीख, पुणे, ‘नहीं मिला’, बाकी एकवीस.

दुसरी वाट होती ती दुसऱ्या परवानेवाल्याची. त्याच मापाची रायफल असलेला एखादा म्हातारा वारला की त्याच्या घरी काही काडतुसं उरलेली असायची. पोलिसांत आधी कळवून ती घेता येत. दादा कऱ्हाडला आणि वाईला अशा दोन घरी गेले होते, हे चाचांना आठवतं. एका घरी काडतुसं ओलीने हिरवी पडली होती. दुसऱ्या घरी मुलाने ती विहिरीत टाकून दिली होती.

चव्वेचाळीस डुकरं

बेरीज करताना मी एका आकड्यापाशी थांबलो होतो. शहात्तरांतली चव्वेचाळीस काडतुसं रानडुकरावर. जे जनावर आपल्याला हराम, ज्याला आपण हात लावत नाही, त्याच्यावर दादांनी आपली न मिळणारी काडतुसं का खर्च केली?

चाचांना विचारलं. ते म्हणाले, “भुईमूग काढणीला आला की लोक रातीला दारात येऊन बसायचे. पाटील असो, रामोशी असो, महारवाड्यातला असो. ‘दादा, आमच्या रानात चला.’ अब्बा जायचे. डुक्कर पडलं की अब्बा लांब उभे राहायचे. गाव मटण वाटून घ्यायचं. आम्हाला भुईमुगाच्या शेंगा यायच्या, ज्वारी यायची, घेवडा यायचा.” वहीतल्या गावाच्या रकान्यात किन्हई, कुमठे, एकंबे, रहिमतपूर अशी नावं पुन्हा पुन्हा येतात. त्या काळी १९५१चा मुंबई राज्याचा वन्य प्राण्यांचा कायदा होता, शिकारीला परवाना मिळत असे.

स्वतःसाठी केलेली शिकार फक्त सात. तिथं वेगळी अडचण होती. बाण सोडताना बिस्मिल्लाह म्हटलं आणि जनावर जागीच मेलं तर ते हलाल. पण बंदुकीची गोळी धारेने कापत नाही, आघाताने मारते, म्हणून गोळीने मेलेलं जनावर हलाल नाही, ते जिवंत सापडून जिबह व्हायला हवं, असं बहुतांश हनफी उलमांचं मत आहे. म्हणून दादांच्या बरोबर एक मुलाणी सुरी घेऊन असायचा आणि बार झाला की तो धावत सुटायचा. सातांपैकी दोन नोंदींपुढे दादांनी लिहिलंय की मुलाणी पोचायच्या आत जनावर गेलं. ते मटण घरी आलं नाही. एक काडतूस वाया गेलं म्हणून नियम वाकवला नाही.

इतक्या तोलूनमापून वापरलेली ती गोळी बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या शेतासाठी खर्च झाली. हे कोणी पुस्तकात लिहिलेलं नाही, तशी शक्यताही नव्हती. आज चाचा मला म्हणतात, “घर में बंदूक है बोलको किसे बी नक्को बताना.” या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जे घडलं ते वाचकांना माहीत आहे, त्यामुळे चाचांना मी दोष देत नाही. पण ज्या घराकडे रात्री अकरा वाजता लोक बंदूक मागायला यायचे, त्या घराला बंदूक लपवावीशी वाटते, हा बदल साधा नाही.

शेवटची नोंद

दादांनी ऑगस्ट १९७१ नंतर रायफल हातात घेतली नाही. पुढचं वर्ष दुष्काळाचं. राखायला रानात पीकच नव्हतं. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. वाघाची शिकार १९७० मध्येच बंद झाली होती. १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली शिकारही संपली. हे व्हायलाच हवं होतं. आमच्या माळावर काळवीट दिसत नाही, याला आमचे दादा आणि त्यांचे धनीही काही अंशी जबाबदार आहेत, हे मी वर्गात मुलांना सांगतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. दादांची रायफल १९७२च्या कायद्याने मुकी झाली, असं घरात सगळे समजत होते. वही सांगते की ती त्याआधीच मुकी होत चालली होती. माणसाच्या हातातलं हत्यार काढून घ्यायला नेहमी जप्ती लागत नाही. त्यात काय भरायचं हे दुसऱ्याने ठरवलं की पुरे. गंमत अशी की कोकणात पीक राखणीच्या ठासणीच्या बंदुकी अजून कुठेकुठे चालू आहेत, कारण त्यांना काडतूस लागत नाही. दादांच्या रायफलीपेक्षा शंभर वर्षं जुनी जात आणि तिचा आवाज अजून शिल्लक.

निवडणूक झाली. हत्यार परत न्यायला चाचा गेले नाहीत. साठ वर्षांपूर्वीची काडतुसं आता उडतील की नळीत फुटतील याचा भरवसा नाही, माझ्या मुलांना त्यात रस नाही, आणि परवान्याची धावपळ चाचांच्या गुडघ्यांना झेपत नाही. रायफल कायमची जमा करण्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतला. मग वही पुढे केली आणि म्हणाले, “इसमें बी लिख. उर्दू में.” मी तारीख लिहिली. गाव : कोरेगाव. काय झालं : चार काडतुसं सरकारजमा. बाकीच्या रकान्यात शून्य काढलं, तेव्हा चाचा खिडकीतून बाहेर बघत होते.

वाचकांना एक विनंती. जुन्या घरांत असे परवाने, पावत्या, उर्दू किंवा मोडीतल्या वह्या पडलेल्या असतात. घर आवरताना त्या रद्दीत जातात. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या कोणाला तरी दाखवा, मगच काय ते ठरवा. दादांची वही रद्दीत गेली असती, तर आमच्या घरी एक बंदूक होती एवढंच माझ्या मुलांना कळलं असतं.